सौरवादळ आलं तर घरातल्या टीव्ही-फ्रिजचं काय होतं?

केतकीवन

बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचं मनात होतं. मे २०२४ मधल्या मोठ्या सौरवादळाच्या वेळी आमच्याकडे काय झालं ते आधी सांगते.

बाबा देवरुखजवळ गावी एकटे असतात. वय ७६. त्या शनिवारी दुपारी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलं की आज रात्री साडेबारा ते साडेतीन घातक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाइल जवळ ठेवू नका, सगळी उपकरणं बंद करा. बाबांनी संध्याकाळीच मेन स्विच पाडला. मोबाइल, ट्रान्झिस्टर आणि बीपी मोजायचं मशीन फॉइलमध्ये गुंडाळून तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि झोपले. मी पुण्याहून रात्री नऊपासून फोन लावतेय, लागतच नाही. अकरा वाजता शेजारच्या काकूंना उठवलं. त्या बॅटरी घेऊन गेल्या, दार वाजवलं, बाबा उठून आले. सगळं ठीक होतं. पण ते दोन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत.

तर प्रश्न असे. सौरवादळाने घरातली वस्तू खरंच जळते का? डब्यात ठेवून काही उपयोग असतो का? आणि नसेल, तर मग नेमकं काय करायचं? मला बाबांना नीट समजावून सांगायचंय. नुसतं "अफवा आहे" म्हटलं की ते गप्प बसतात, पण पटलेलं नसतं.

रोहित्र

केतकीताई, माझी चौतीस वर्षं वीज पारेषणात गेली, त्यातली बहुतेक ४०० केव्हीच्या (चार लाख व्होल्टच्या) उपकेंद्रांत. तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बाबांना वाचून दाखवा.

सूर्यावर स्फोट झाला की तिथून येणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या वेळी पोचतात. प्रकाश आणि क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत येतात. त्याने दिवस असलेल्या बाजूला शॉर्टवेव्ह रेडिओ बंद पडतो. मग वेगवान कण येतात, त्यांचा त्रास उपग्रहांना. आणि सगळ्यात शेवटी, साधारण एक ते तीन दिवसांनी, विद्युतभारित वायूचा प्रचंड ढग आपलं चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन येतो. विजेच्या माणसाला काळजी या ढगाची. तो आदळला की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं. क्षेत्र हललं की जमिनीत आणि जमिनीवरच्या तारांत दाब, म्हणजे व्होल्टेज, निर्माण होतो.

आता हा दाब किती असतो ते बघा. मोठ्या वादळात तो किलोमीटरला काही व्होल्ट असतो. आपण जरा जास्तच धरू, किलोमीटरला दहा व्होल्ट. तीनशे किलोमीटरची पारेषण वाहिनी असेल तर तीन हजार व्होल्ट झाले. तुमच्या मीटरपासून फ्रिजपर्यंतची वायर दहा मीटर. तिच्यात एक दशांश व्होल्ट. घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या पंधराव्या हिश्श्याएवढा. त्याने काहीही जळत नाही. मोबाइल तर वीतभर लांब आणि कशालाच जोडलेला नाही. त्याला डब्यात घालायची गरजच नाही.

म्हणजे वादळ घरात शिरत नाही, ते लांब तारांत शिरतं. घरात जे येतं ते त्या तारांमधून, आपल्याच प्लगातून. काळजी घ्यायची ती तिथे.

मुळा_मुठा

रोहित्रकाका, लांब तारेत शिरलं की पुढे काय होतं? ट्रान्सफॉर्मर फुटतो का?

रोहित्र

फुटेल असं नाही. हा प्रवाह फार संथ असतो, मिनिटामिनिटाने बदलणारा, जवळजवळ डीसीसारखा, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा. मोठ्या रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. तिथून हा प्रवाह वर चढतो, वाहिनीतून पुढे जातो आणि दुसऱ्या टोकाला परत जमिनीत उतरतो. रोहित्राचा गाभा एसीसाठी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहासाठी, बनवलेला. त्यात डीसी मिसळला की प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात गाभा चुंबकाने तुडुंब भरतो. मग रोहित्राचा आवाज बदलतो. नेहमीचा एकसुरी गुणगुणाट असतो ना, त्याच्या जागी घरघर येते. जास्त प्रवाह ओढला जातो, आत गरम होतं, लाटेचा आकार बिघडतो, दाब खाली येतो. संरक्षण रिले हे सगळं बघून आपापल्या वाहिन्या तोडू लागतात. एक तुटली की तिचा भार दुसरीवर. असं करत करत जाळं कोसळतं.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १३ मार्च १९८९ ला हेच झालं. पहाटे पावणेतीनच्या सुमाराला सुरुवात झाली आणि दीड मिनिटात अख्ख्या प्रांताची वीज गेली. साठ लाख लोक, नऊ तास. तिथे उत्तरेच्या धरणांपासून शहरापर्यंत खूप लांब वाहिन्या आहेत आणि खालचा खडक वीज सहजी वाहू देत नाही, त्यामुळे प्रवाहाने तारांचा रस्ता धरला. त्याच वादळात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सेलम अणुकेंद्राचं मोठं रोहित्र आतून जळलं. नीट बघा, जळलं ते रोहित्र. लोकांचे टीव्ही नाही.

उत्तरायण

मी तेव्हा माँट्रियलमध्येच होतो, येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. थोडं सांगतो.

मार्चचा मध्य म्हणजे तिकडे अजून कडक थंडी. आमच्या इमारतीचं हीटिंग विजेवरचं. पहाटे जाग आली ती नाक गार पडल्यामुळे. दिवा लागेना. खिडकीतून पाहिलं तर समोरचा पूर्ण रस्ता काळा, फक्त बर्फाचा उजेड. सकाळी मेट्रो बंद, शाळा बंद, विमानतळ बंद. घरात आम्ही दोघं आणि सात महिन्यांची मुलगी. तिला रजईत घेऊन बसलो होतो, दुधाची बाटली काखेत धरून कोमट केली. तो दिवस आठवला की आधी ती बाटली आठवते.

काका म्हणतात ते अगदी खरं. दुपारी वीज आली तेव्हा आमच्या घरातलं काहीही जळलं नव्हतं. टीव्ही चालू झाला, फ्रिज चालू झाला. आमचे हाल झाले ते वीज नसल्यामुळे.

फॉइलवाला_प्रश्न

मग यूट्यूबवर सगळे फॅरेडे पिंजरा फॅरेडे पिंजरा का करतात? तिथे तर जुना मायक्रोवेव्ह, अ‍ॅल्युमिनियमचा डबा, सगळं दाखवतात. त्यांचं काहीच खरं नाही का?

रोहित्र

चांगला प्रश्न. दोन वेगळ्या गोष्टींची तिथे सरमिसळ होते. उंच अवकाशात अणुस्फोट झाला तर अतिशय क्षणिक आणि तीव्र झटका येतो, सेकंदाच्या अब्जांश भागात चढणारा. तो छोट्या तारांतही घुसतो. अमेरिकेने ९ जुलै १९६२ ला पॅसिफिकवर तसा स्फोट केला होता, तेव्हा सुमारे चौदाशे किलोमीटर दूर हवाईत रस्त्यावरचे दिवे गेले. धातूचा पिंजरा, म्हणजेच फॅरेडे पिंजरा, हे अशा झटक्यावरचं उत्तर. सौरवादळ संथ असतं, तासन्‌तास चालतं आणि त्यात हा वेगवान झटका नसतो. लोक एकाचं औषध दुसऱ्याला देतात.

शिवथर

मी परवा करून पाहिलं. मोबाइल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं आणि बायकोच्या फोनवरून लावला. आतून स्पष्ट रिंग ऐकू आली. झाकणाच्या कडेला रंग आहे, त्यामुळे धातूला धातू नीट लागत नाही, आणि तेवढ्या फटीतून लहरी जातात. म्हणजे ज्या कामासाठी लोक डबा सांगतात ते कामही तो धड करत नाही.

समुद्रकाठचा

अलिबागकर आहे, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इतिहासात नोंदलेलं सगळ्यात मोठं सौरवादळ १८५९ चं. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग चितारत असताना त्यांना झगझगीत उजेड दिसला, आणि साडेसतरा तासांत ढग पृथ्वीवर आदळला. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि नुसत्या त्या वादळाच्या प्रवाहावर एकमेकांशी तारा बोलले. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण त्या वादळाचं सगळ्यात मोलाचं चुंबकीय मोजमाप झालं मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत. २ सप्टेंबरला भर दुपारच्या सुमाराला तिथलं आडवं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरलं. आपल्याकडे ते एरवी ३८,००० च्या आसपास असतं, म्हणजे चार टक्के. मे २०२४ च्या वादळात जगभराची सरासरी घसरण ४०० च्या थोडी वर होती. त्या दुपारी कुलाब्याला कुणीतरी माणूस काट्याजवळ बसून काही काही मिनिटांनी आकडे लिहीत होता. युरोपातल्या बऱ्याच ठिकाणची नोंद कागदाबाहेर गेली, कुलाब्याची राहिली. २००३ साली शास्त्रज्ञांनी तीच जुनी पानं काढून वादळाची ताकद नव्याने मोजली.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या प्रवाहाने चुंबकाची नोंद बिघडली असती. म्हणून डॉ. नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये ते काम अलिबागला आणलं. इमारत बांधली पोरबंदरच्या दगडात, लोखंड न वापरता. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं, की जोड नीट बसावी. त्यामुळे १८४० च्या दशकापासून आजपर्यंतची आपली नोंद सलग आहे. लहानपणी त्या आवारावरून रोज शाळेत जायचो आणि आत काय चालतं ते माहीत नव्हतं. आता कळलंय आणि मनापासून अभिमान वाटतो.

मुळा_मुठा

समुद्रकाठचा, सुंदर माहिती. एक शंका. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला होता, आणि त्याच महिन्यात मोठं सौरवादळ पृथ्वीला चुकलं असं वाचलंय. काही संबंध?

रोहित्र

काही नाही. २३ जुलै २०१२ चा तो ढग पृथ्वीच्या दिशेने निघालाच नव्हता, तो स्टिरिओ-ए या यानावर गेला. आपलं जाळं पडलं ते आठवड्याने, बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी जादा भाराने तुटल्यानंतर. पण तेव्हा साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली होती आणि ती टप्प्याटप्प्याने परत आणायला किती तास लागले ते आम्ही जवळून पाहिलं. कारण काहीही असो, जाळं पडलं की घरात काय होतं ते सारखंच असतं.

आणि आपण विषुववृत्ताजवळ म्हणून अगदी निर्धास्त, असंही समजू नका. कॅनडा-स्वीडनपेक्षा आपला धोका बराच कमी, हे नक्की. स्वीडनमध्ये माल्मोला ३० ऑक्टोबर २००३ ला वीज गेली होती. पण त्याच वादळानंतर दक्षिण आफ्रिकेतली काही मोठी रोहित्रं पुढच्या महिन्यांत निकामी झाली आणि अभ्यासकांनी त्याचा संबंध वादळाशी जोडला. आपल्याकडेही आता ७६५ केव्हीच्या फार लांब वाहिन्या आहेत.

जास्वंद

काका, "प्लगातून येतं" म्हणालात ते जरा उलगडून सांगा ना. आमच्याकडे सौरवादळ नसतानाच दोन वर्षांपूर्वी मोठं नुकसान झालंय.

संध्याकाळी सातची वेळ. स्वयंपाकघरातली ट्यूब अचानक पांढरीफटक झाली, पंखा इतका जोरात फिरायला लागला की कॅलेंडर भिंतीवर आपटत होतं. मी बघत उभी राहिले, सुचलंच नाही काही. मग टीव्हीतून फट्‌ असा आवाज आणि जळका वास. आमच्या मजल्यावरचे चार टीव्ही, दोन फ्रिज आणि एका आजींचं श्वासाचं मशीन गेलं. कुणीच भरपाई दिली नाही, महिनाभर फक्त इकडून तिकडे पाठवलं.

रोहित्र

जास्वंदताई, तो तुटलेला न्यूट्रल. तीन फेजचा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सुटला की तुमचं आणि शेजाऱ्याचं घर दोन फेजच्या मध्ये लटकतं. २३० ऐवजी ४१५ व्होल्ट दोन घरांत वाटले जातात, आणि ज्याच्याकडे भार कमी त्याच्या वाट्याला दाब जास्त. दिवा अचानक प्रखर झाला, पंखा पळायला लागला, की विचार न करता मेन पाडायचा. वस्तूचं बटण शोधत बसायचं नाही, मेनच. मुलांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवा.

मोठं जाळं पडतं आणि परत उभं राहतं तेव्हाही असाच धोका असतो. वीज येते-जाते, दाब कधी खाली कधी वर, सगळ्या घरांचे फ्रिज-एसी-पंप एकदम भार मागतात. म्हणून वीज गेली की फ्रिज, टीव्ही, एसी, संगणक, राउटर यांचे प्लग भिंतीतून काढून ठेवा. टीव्हीची केबलही काढा. एक दिवा चालू ठेवा, म्हणजे वीज आलेली कळेल. आली की दहा मिनिटं थांबा. दिवा स्थिर असेल तर आधी फ्रिज, मग बाकीचं एकेक.

कायमचं करायचं तर डीबीत (एमसीबी असतात त्या पेटीत) दोन गोष्टी बसवून घ्या. एक, दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की आपोआप तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. तुमच्या मजल्यावर तो असता तर ती सगळी उपकरणं वाचली असती. दुसरी, एसपीडी. क्षणिक उसळी आली तर तो ती जमिनीत उतरवतो. एमसीबी हे काम करत नाही, ही गैरसमजूत फार घरांत आहे. एमसीबी जादा प्रवाहाला आहे, दाबाला नाही.

आणि एसपीडीच्या आधी अर्थिंग. उसळी उतरवायला जमीनच मिळाली नाही तर तो डबा भिंतीवर नुसता बसून राहतो. कोकणात तर हे फारच महत्त्वाचं. मे महिन्यात जांभा कोरडा ठणठणीत होतो, खड्ड्यातला ओलावा जातो, अर्थिंग नावापुरतं उरतं, आणि नेमकी त्याच दिवसांत वळवाची वीज कडाडते. तुमच्या बाबांच्या टीव्हीला सूर्यापेक्षा त्या विजेचा धोका कितीतरी पटींनी मोठा आहे.

छपरावरचं_ऊन

छपरावर ३ किलोवॅटचे सोलर पॅनल बसवलेत. सौरवादळात ते जळतील का? आणि जाळं पडलं तरी निदान आमचं घर चालेल ना?

रोहित्र

पॅनलना काही होत नाही, तारा आखूडच आहेत. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून बऱ्याच लोकांना धक्का बसतो. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर जाळ्यात वीज नसली की स्वतःहून बंद होतो, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय आहे आणि ती हवीच. वीज नसतानाही घर चालवायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. बसवण्याआधी विचारून घ्या, नंतर बदलणं महाग पडतं.

पापलेट

मालवणातून. आमचं काम बोटीचं, त्यामुळे मला जीपीएसची चिंता. वादळात चुकतं का?

समुद्रकाठचा

चुकू शकतं. जीपीएसचे संदेश वरच्या विद्युतभारित थरातून येतात आणि वादळात तो थर खवळतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले होते. आपल्या पट्ट्यात हा थर एरवीही सूर्यास्तानंतर अस्थिर असतो, म्हणून इथे हा त्रास विजेच्या त्रासापेक्षा जास्त खरा आहे. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी होकायंत्र बोटीवर असू द्या आणि बंदरात शिरताना खुणेचे दिवे डोळ्यांनी बघून शिरा. होकायंत्र वादळात आपल्याकडे अंशाच्या छोट्या भागानेच हलतं, तेवढ्याने काही बिघडत नाही.

उत्तरायण

इशारा किती आधी मिळतो, हे कुणी विचारलं नाही म्हणून लिहितो. ढग निघाला हे दुर्बिणीतून एक-दोन दिवस आधी दिसतं. पण त्याच्या चुंबकाची दिशा उत्तर की दक्षिण, यावर सगळं अवलंबून, आणि ती कळते ढग १५ लाख किलोमीटरवरच्या यानांपाशी पोचल्यावरच. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. तिथून पुढे पंधरा-वीस मिनिटं, फार तर तास. एवढ्या वेळात मोबाइल चार्ज करणं, बादल्या भरणं आणि थोडी रोकड हाताशी ठेवणं होतं. माँट्रियलला आम्हाला तेवढाही वेळ मिळाला नव्हता. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की टाकी रिकामी, आणि मोबाइलचे टॉवर बॅटरी संपेपर्यंतच चालतात. बॅटरीवरचा साधा रेडिओ घरात ठेवा. बाबांनी ट्रान्झिस्टर जपला ते बरोबरच होतं, फक्त तो डब्याबाहेर हवा.

केतकीवन

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितेय कारण मध्ये गावी जाऊन आले.

धागा छापून नेला होता. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला. दहा मीटर वायरीचं गणित त्यांनी कॅलेंडरच्या मागे स्वतः करून पाहिलं आणि म्हणाले, "एवढंच होय?" उत्तरायण यांची दुधाची बाटली मात्र त्यांनी जेवताना पुन्हा काढली.

मग वायरमनला बोलावलं. मीटरने फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजलं तर २३४. फेज आणि अर्थमध्ये मोजलं तर आकडा ११० च्या आसपास नाचत होता. मागच्या दारी आंब्याखाली खड्डा उकरला. पट्टी पाइपला जिथे जोडली होती तिथला बोल्ट हातात भुगा होऊन आला. किती वर्षं तसा होता कोण जाणे. म्हणजे इतक्या पावसाळ्यांत बाबा त्या घरात अर्थिंगशिवाय राहत होते, आणि आम्ही भीती बाळगली सूर्याची. नवा पाइप घातला, कोळसा-मीठ भरलं, पाणी सोडलं. परत मोजलं, २३१. एसपीडी आणि प्रोटेक्टर दोन्ही बसवले.

रोहित्रकाका, खड्ड्यात उन्हाळ्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी सोडायला वायरमनने सांगितलंय. तेवढं पुरेल ना? बाबांनी फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावली आहे: "लाइट आली की दहा मिनिटं थांबणे. फोन चालू ठेवणे."

रोहित्र

पुरेल. एप्रिल-मे दोन्ही महिने सोडा, आणि दरवर्षी होळीनंतर एकदा मोजून घ्या. बाबांना माझा नमस्कार सांगा.